दर पावसाळ्यात टर्नटेबलचा वेग बिघडतो: तीन वर्षं चुकीच्या जागी मारलेला स्प्रे

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की वेगळं ते लगेच कळेल. १९७० च्या दशकातलं जपानी डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबल, म्हणजे मोटरच थेट तबकडी फिरवते असा रेकॉर्ड प्लेयर. डीसी सर्वो मोटर (स्वतःचा वेग मोजून सावरणारी), क्वार्ट्झ लॉक (वेग क्रिस्टलला बांधून ठेवणारं सर्किट) नाही. ३३ आणि ४५ (मिनिटाला इतके फेरे) या वेगांसाठी पिचचे, म्हणजे वेग बारीक लावायचे, दोन वेगळे नॉब. प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या) कडेला ठिपक्यांच्या ओळी आणि त्यांच्यावर उजेड टाकणारा नारिंगी निऑन दिवा. वेग बरोबर असला की त्या उजेडात ठिपके उभे दिसतात, चुकला की सरकतात. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत ठिपके जागच्या जागी उभे. जूनचा पंधरवडा उलटला की सरकायला लागतात, जुलैत तर पळतातच. नॉब फिरवून जागेवर आणावेत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पळताहेत.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष तिचा नव्हताच, शिवाय त्या काळातल्या क्वार्ट्झ नसलेल्या बहुतेक डायरेक्ट-ड्राइव्हना खालचं सगळं लागू पडतं. यंत्र मामाचं. तो जहाजावर होता, जपानहून घेऊन आला, आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत ते चाळीसहून अधिक पावसाळे काढून माझ्याकडे आलं. त्यामुळे पावसात वेग बिघडतो म्हटल्यावर माझं निदान तयारच होतं: दमट हवा, पिचच्या नॉबखालचा पॉट (फिरवून रोध कमी-जास्त करायचा भाग) ऑक्साइड धरतोय, संपर्क सुटतोय. वाचनात येणाऱ्या दहांतल्या नऊ सल्ल्यांतही हेच असतं.

म्हणून दर जुलैला एक विधी ठरून गेला. खालचं झाकण काढायचं, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी घालून एक फवारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचा, झाकण लावायचं, ठिपके उभे करायचे. यंत्र बरं व्हायचं. आठवडा, कधी दोन आठवडे. मग पुन्हा तेच. ऑक्टोबर लागला की मात्र आपोआप ठणठणीत, आणि त्याचं श्रेय अर्थातच शेवटच्या फवाऱ्याला. अशी तीन वर्षं गेली. पहिल्या वर्षी तर घरात होता तो गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारला होता, ही चूक कबूल करून ठेवतो. तो स्प्रे पॉटमधलं घट्ट ग्रीस विरघळवतो, नॉबचा जडपणा जातो, आणि मग नुसता धक्का लागला तरी वेग हलतो. वर तेलाचा थर धूळ धरून ठेवतो तो वेगळाच. पॉटसाठी पॉटचाच क्लीनर आणा.

उलगडा झाला तो आईमुळे. तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमधली एक संध्याकाळ. दुपारपासून लाईट येऊन-जाऊन होती, ती नुकतीच टिकली होती. मी नाट्यसंगीताची एक रेकॉर्ड लावली. आई भजनी मंडळात पेटी वाजवते. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"अरे, ही बाई आज चढ्या पट्टीत का गातेय?"

"रेकॉर्ड आहे गं ती. रोज तेच गाते."

"मग तुझं यंत्र चढलंय. कालपरवा काळी एक होती."

तिने पेटी काढली आणि लावून दाखवलं. षड्ज काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली, कुठल्याच पट्टीवर न बसता मधेच लोंबकळत होता. आता खरं तर हा पुरावा कच्चा आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाची पट्टी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, मूळ मुद्रणाचा वेगही इकडे-तिकडे असू शकतो. पण तीच रेकॉर्ड, तीच पेटी, आणि चार दिवसांत फरक पडलेला, हे मात्र पक्कं होतं. मी ठिपक्यांकडे पाहिलं. ते पुढे पळत होते, म्हणजे वेग जास्त. आणि मला लख्ख आठवलं की दुपारीच, लाईट गेली असताना, मी ते नीट उभे करून ठेवले होते.

लाईट गेली असताना. म्हणजे इन्व्हर्टरवर.

इथे थांबून निऑन दिवा काम कसं करतो ते पाहिलं पाहिजे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तो दिवा थेट घरच्या विजेवर चालतो. ५० हर्ट्झच्या विजेत तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला एकदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३३⅓ च्या वेगाला प्लॅटर सेकंदाला ०.५५५ फेरे घेतो. १०० ला त्याने भागलं की येतात १८०, म्हणून ३३ ची ५० हर्ट्झवाली ओळ १८० ठिपक्यांची असते. एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत प्लॅटर बरोबर एक ठिपका पुढे सरकतो आणि डोळ्याला सगळे उभे दिसतात. ६० हर्ट्झला तोच हिशेब २१६ वर जातो. ही दुसरी ओळ कशाला, असा प्रश्न पडतो खरा, पण जपानला तीही लागतेच: टोकियोकडचा पूर्व भाग ५० हर्ट्झवर आणि ओसाकाकडचा पश्चिम भाग ६० वर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि ती फाळणी आजवर मिटलेली नाही. आपल्याकडे फक्त ५० ची ओळ बघायची. ६० च्या ओळीकडे टक लावून "काही केल्या थांबत नाहीत" म्हणणारे मी दोघे तरी पाहिलेत.

आता मुद्दा असा की, दिवा वेग मोजतच नाही. तो प्लॅटरची तुलना विजेच्या फ्रिक्वेन्सीशी करतो, एवढंच. वीज ५० हर्ट्झची असेल तर उत्तर बरोबर. उलट मोटर आत डीसीवर चालते, फ्रिक्वेन्सीशी तिचं देणंघेणं नाही. म्हणजे फ्रिक्वेन्सी हलली की प्लॅटर आपल्या जागी खरा आणि साक्षीदार मात्र खोटा.

माझ्या मल्टिमीटरला हर्ट्झची रेंज आहे. भिंतीच्या सॉकेटवर ५०.० दाखवत होता. (मीटर विजेला लावायची सवय नसेल तर हे करू नका. पुढे बिनविजेची पद्धत आहे, ती वापरा.) मेन स्विच पाडून इन्व्हर्टर चालू केला: ५१.६. परत पाडला, परत चालू केला, कधी ५१.५, कधी ५१.७. आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा, आणि त्यातल्या फ्रिक्वेन्सीला क्वार्ट्झची शिस्त नाही. ५१.६ म्हणजे ३.२ टक्के जास्त. त्या उजेडात बरोबर वेगाने फिरणारा प्लॅटरही मागे पडल्यासारखा दिसतो. मी इमानेइतबारे नॉब फिरवून त्याला ३.२ टक्के पळवायचो. लाईट आली की ठिपके पुढे धावायचे. ३.२ टक्के म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडं जास्त. आईच्या पेटीवर षड्ज लोंबकळत होता तो नेमका तिथेच.

म्हणजे पावसाचा संबंध होता, पण दमट हवेमुळे नव्हता. पावसात लाईट जाते म्हणून होता. मी फवारा मारायचो तो लाईट असताना, नंतर ठिपके उभे करायचो तेही लाईट असताना, म्हणून "बरं" व्हायचं. पुढच्या वेळी लाईट गेली की मीच पुन्हा बिघडवायचो. आणि ऑक्टोबरमध्ये लाईट जाणं कमी झालं की रोगी आपोआप बरा.

तुमच्याकडेही असंच आहे का, हे बघायला मीटर लागत नाही. ३३⅓ गुणिले ३ म्हणजे १००. रेकॉर्डच्या लेबलच्या काठाला कागदाची छोटी पट्टी चिकटवा, सुई रेकॉर्डवर ठेवा (ठेवाच, सुईच्या ओढीसकट मोजायचंय), आणि फोनवर साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. पट्टी एखाद्या ठरावीक खुणेसमोर आली की तिथे शून्य म्हणा, एक नव्हे. सगळ्यांची चूक तिथे होते. शंभरावा फेरा १८० व्या सेकंदाला पुरा झाला पाहिजे. एका सेकंदाची तफावत म्हणजे साधारण ०.५५ टक्के. माझा त्या संध्याकाळचा आकडा १७४ आणि वर थोडं असा आला. ४५ साठी तीन मिनिटांत १३५ फेरे. त्याआधी यंत्र पंधरा-वीस मिनिटं फिरू द्या. क्वार्ट्झ नसलेला सर्वो गरम होईपर्यंत किंचित सरकतोच, तो बिघाड नव्हे.

हीच मोजणी एकदा लाईटवर आणि एकदा इन्व्हर्टरवर करा, मधे नॉबला हात न लावता. दोन्ही वेळी सेकंद सारखे आणि ठिपके मात्र वेगळे दिसले, तर यंत्र निर्दोष. सेकंदच बदलले, तर मामला वेगळा. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरचा एक खरा त्रास होऊ शकतो. साइन लाटेच्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ च्या आसपास जातं, चौकोनी लाटेचं २३० लाच थांबतं. टर्नटेबलमधला रेक्टिफायर शिखर पकडतो, त्यामुळे आतली डीसी खाली येते. रेग्युलेटरला पुरेसा व्होल्टेज उरला नाही तर वेग खरोखरच डळमळतो. माझ्यात रेग्युलेटरनंतरचा व्होल्टेज दोन्हीकडे सारखा निघाला. तुमच्यात तपासून घ्या.

आणि लाईट असतानाही ठिपके अगदी हळू पुढे-मागे सरकत असतील, तर कपाळाला हात लावू नका. आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा पट्टा आखून दिलेला आहे. ४९.९० ला बरोबर वेगाचा प्लॅटरसुद्धा दर पाच सेकंदांना एक ठिपका पुढे जाताना दिसेल. कानाला ०.२ टक्के कळत नाही. त्याच्यामागे नॉब फिरवत बसलात तर सुधारलेलं काही नाही, पॉट तेवढा झिजवलात. आणखी एक: ४५ च्या ओळीत खरं तर १३३⅓ ठिपके हवेत, पण तिसरा हिस्सा ठिपका छापता येत नाही. १३३ ठिपके उभे दिसले की वेग असतो ४५.११. चालतं.

(कागदी स्ट्रोब तबकडी, म्हणजे असेच ठिपके असलेला गोल कागद, छापून आणणाऱ्यांसाठी: ती जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली किंवा साध्या बल्बखाली बघायची. आजच्या बऱ्याच एलईडी दिव्यांची लुकलुक इतकी पुसट असते की ठिपके दिसतच नाहीत.)

इथवर आल्यावर वाटलं, झालं. झालं नव्हतं.

सप्टेंबरात लाईट स्थिर असताना फेरे मोजले. ४५ दर वेळी सारखा. ३३ मात्र एकदा १८०.२, एकदा १७९.१, एकदा १८१ च्या पुढे. शिवाय हा फरक हळूहळू येत नव्हता, मधेच झटका बसल्यासारखा यायचा. तानपुऱ्याच्या लांब स्वरात तो ऐकूही आला: हिंदकळल्यासारखा क्षणभर खाली आणि परत वर. तीन वर्षं मी खोट्या बिघाडामागे धावत होतो आणि त्याच्या आडोशाला एक खरा बिघाड आरामात बसला होता.

३३ हलतो आणि ४५ हलत नाही, हे वाक्य या प्रकारच्या यंत्रात सोन्याचं आहे. मोटर, तिची कॉइल, वेग मोजणारी एफजी, सर्वोची आयसी, पॉवर सप्लाय, मुख्य बेअरिंग, हे सगळं दोन्ही वेगांना सामाईक. त्यांच्यापैकी कुणी गुन्हेगार असता तर ४५ सुद्धा हलला असता. उरतात फक्त ३३ च्या वाटेवरचे तिघे: पुढचा पिचचा पॉट, वेग निवडायचं बटण, आणि आत सर्किट बोर्डवर बसवलेला ३३ चा प्रीसेट. कारखान्यात एकदा लावून ठेवतात तो छोटा, पेचकसाने फिरवायचा. पॉटला तर मी तीन वर्षं अभिषेक घातलेला. बटण तीसेक वेळा दाबून पाहिलं, दाबून धरून हलवून पाहिलं, फरक नाही. प्रीसेटला मी आयुष्यात हात लावला नव्हता, आणि फवारा बाहेरच्या पॉटवर मारल्यावर तो तिथे पोहोचायचंही कारण नव्हतं.

पक्कं करायला जे केलं ते लिहितो, पण यात उघड्या वीजजोडण्यांजवळ हात जातो. सवय नसेल तर हे काम टेक्निशियनकडे द्या. सुई काढून ठेवली, टोनआर्म बांधला. खालचं झाकण काढलं, ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या टोकांवर इन्सुलेशन टेप गुंडाळली. यंत्र पुस्तकांच्या दोन उंच चळतींवर आडवं ठेवलं, मधे पोकळी. खाली लेकीच्या टेबलावरचा आरसा ठेवला म्हणजे बोर्ड दिसतो. चालू करून, एक हात खिशात ठेवून, दुसऱ्या हातात जळून उरलेली उदबत्तीची काडी घेतली (बांबू, वीज वाहत नाही) आणि एकेक भाग हलकेच ढोसत गेलो. कपॅसिटर, काही नाही. कनेक्टर, काही नाही. ३३ च्या प्रीसेटला काडी टेकली मात्र, ठिपके बिचकल्यासारखे उडाले. पुन्हा टेकली, पुन्हा उडाले. शेजारचाच ४५ चा प्रीसेट ढोसून पाहिला, तो ढिम्म.

बाहेर काढल्यावर भिंगातून पाहिलं. उघड्या बांधणीचा कार्बनचा प्रीसेट, झाकण नाही. फिरती पितळी पट्टी जिथे कार्बनला टेकते तिथे हिरवट-काळी पूड. चाळीस वर्षांची खारी हवा तिथे नक्की साठली होती. म्हणजे दमटपणाचं माझं निदान अगदीच चूक नव्हतं, पत्ता चुकला होता.

बदलण्याची रीत थोडी सविस्तर सांगतो, कारण इथे घाई करणारे बोर्ड घालवतात. काढण्याआधी फोटो. प्रीसेट जसा लावलेला आहे तसाच ठेवून बोर्डवरून उतरवा आणि मग मधल्या पायापासून दोन्ही टोकांपर्यंतचा रोध मोजून कागदावर लिहा. नवा त्याच आकड्यांवर लावून बसवला की पहिल्याच दिवशी वेग जवळपास जागेवर येतो. माझा ५ किलोओहमचा होता, तुमचा त्यावरच्या छापील आकड्यावरून ठरवा. नवा बंद डबीचा, सर्मेट (कार्बनऐवजी सिरॅमिक-धातूच्या मिश्रणाचा), अनेक फेऱ्यांचा घ्या. तो एका झटक्यात टोकाला जात नाही, बारीक लावता येतो, आणि डबी बंद असल्याने आत हवा खेळत नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दहा-वीस रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. पाय जुन्या भोकांत बसत नाहीत, थोडे वाकवावे लागतात. तपकिरी रंगाच्या त्या जुन्या बोर्डवरचं तांबं फार नाजूक असतं. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवायचं नाही, जुनं कथील शोषायला तांब्याची वात वापरायची. एका पायावर हट्ट धरलात की तांब्याची पट्टी कागदासारखी उचकटून हातात येते. ४५ चा प्रीसेट धड होता, तरी झाकण उघडलंच आहे म्हणून तोही बदलला. त्यातही तीच पूड सुरू झालेली होती.

मग वेगाची जुळणी. पुढचे दोन्ही पिच नॉब बरोबर मधे. वीस मिनिटं यंत्र फिरतं ठेवलं. शंभर फेरे मोजले, प्रीसेटला किंचित वळण, पुन्हा शंभर. चौथ्या खेपेला १८०.०. ठिपक्यांकडे बघायचं नाही असा नियमच केला होता.

झाकण उघडलेलं असताना "आता सगळेच कपॅसिटर बदलून टाकू" ही खाज उठते. ती दाबली, आणि तुम्हीही दाबा असं सुचवेन. पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलायटिक बदलायला हरकत नाही (पोलॅरिटी बघून, १०५ अंशांचे घेऊन), कारण ते खरंच सुकतात आणि त्याची खूण दोन्ही वेगांवर दिसते: चालू केल्यावर प्लॅटर लवकर स्थिरावत नाही, गरम झाला की सुधारतो. पण सर्वोच्या वेळ ठरवणाऱ्या भागातला फिल्म कपॅसिटर उगाच काढू नका. वेग त्याच्या आकड्यावर आणि तापमानाबरोबर तो किती बदलतो यावर बेतलेला असतो. त्याच्या जागी "चांगल्या दर्जाचा" म्हणून दुसरा बसवला की थंडीत एक वेग आणि उन्हाळ्यात दुसरा. हे दुखणं शोधायला परत तीन वर्षं.

बेअरिंगचं तेल: वीज बंद करून प्लॅटर हाताने फिरवून सोडा. झटकन अडखळून थांबला तर तेल चिकट झालंय. स्पिंडल पुसून यंत्राचं हलकं तेल, दोन-तीन थेंब. टेक्निक्स कंपनीने आपल्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलसाठी २,००० तासांनी दोन-तीन थेंब असं सांगितलं होतं, रोज तासभर ऐकणाऱ्याला ते साडेपाच वर्षं पुरतं. ग्रीस नको. आणि खोबरेल तेल तर नकोच. हसू नका, एकाने घातलं होतं. जानेवारीत थिजलं.

अपग्रेडबद्दल हमखास विचारलं जातं की याला क्वार्ट्झ बसवता येईल का. येईलही, पण मी बसवणार नाही. सर्वो धड असेल तर हे यंत्र तासभर वेग पुरेसा धरून ठेवतं. ज्याला मोजामोजीच नको त्याने सरळ क्वार्ट्झवालंच घ्यावं. डायरेक्ट-ड्राइव्हची सुरुवात १९७० च्या टेक्निक्स एसपी-१० पासून, क्वार्ट्झ आला १९७५ च्या एसपी-१० एमके२ मध्ये, आणि १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मुळे तो घराघरांत आणि डीजेंच्या टेबलांवर पोहोचला. त्या एमके२ मध्ये स्ट्रोबचा लाल दिवासुद्धा क्वार्ट्झवरूनच लुकलुकतो, विजेवरून नाही. इन्व्हर्टर असो की जनरेटर, तो फसत नाही. फक्त जपानमध्ये विकायला बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात. अशी कुणी आणून दिली तर आधी मागचं लेबल वाचा, १०० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, मग प्लग लावा. उलट क्रमाने केल्यास धूर निघतो.

मी केलेलं अपग्रेड एकच, आणि तेही यंत्राच्या बाहेर: स्वतःचा स्ट्रोब. मायक्रोकंट्रोलरच्या छोट्या बोर्डवरून एक पांढरा एलईडी सेकंदाला बरोबर १०० वेळा, अगदी क्षणभर पेटवायचा. पेटलेला काळ जितका कमी तितके ठिपके रेखीव दिसतात. मी दर आवर्तनाच्या वीसाव्या हिश्शाएवढा ठेवलाय. यात एक खाच आहे. अर्डुइनो उनो आर३ सारख्या बोर्डवर मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. म्हणजे एक खोटा साक्षीदार काढून दुसरा उभा केल्यासारखं. बोर्ड घेताना मुख्य चिपशेजारी चकचकीत धातूची डबी आहे ना, तो क्रिस्टल आहे ना, हे बघून घ्या.

दमट हवेची थोडी काळजी अजूनही घेतोच. यंत्र बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला नेलं. झाकणाखाली सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत. जुलैत डावा किंवा उजवा स्पीकर वाजेनासा झाला तर आधी हेडशेल (टोनआर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) काढून त्याच्या मागच्या चार पिना आयसोप्रोपिलने पुसतो, दहांतल्या आठ वेळा तेवढ्यात काम होतं.

दोन पावसाळे झाले. प्रीसेटला त्यानंतर पेचकस लागलेला नाही. गेल्या रविवारी सवयीने मोजलं: लाईटवर १८०.१, आणि सव्वासातला लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर १८०.१. निऑनखालचे ठिपके त्याही वेळी जोरात मागे पळत होते. हात नॉबकडे गेला होता. आता त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे.